चौदा नंबरचं कडं

यादी शुक्रवारी हातात आली आणि अकराव्या नावापाशी माझं बोट थांबलं.

दर रविवारी सकाळी मी आमच्या जुन्या रेल्वे स्टेशनातून लोकांना फिरवतो. स्टेशन सव्वाशे वर्षांचं, आणि त्याच्या केबिनमध्ये मी एकतीस वर्षं सिग्नल ओढण्यात घालवलेली. निवृत्त झालो तेव्हा या फेऱ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार, पण सगळं कागदावर हवं. फेरीत नऊ थांबे, प्रत्येक थांब्यावर एक गोष्ट, गोष्टीला मिनिटं ठरलेली. नववा थांबा केबिन, आणि तिथली गोष्ट खुद्द माझी. मॅडमच्या कागदावर तिचं नाव ‘सजग केबिनवाला’ असं आहे.

गोष्ट अशी की ऐन दुपारी, गाडी येण्याच्या वेळेला, मला रुळावर एक गाढव उभं दिसलं. मी लाल झेंडी दाखवली, ड्रायव्हरने गाडी थांबवली, सगळे वाचले. वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिलं. माझ्या बायकोने ते बाहेरच्या खोलीत लावलं, आणि पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आधी त्याची नजर तिकडे गेलीच पाहिजे, अशी खुर्ची मांडून ठेवली.

गोष्टीत खोट एवढीच, की रुळावर गाढव नव्हतंच. ते केबिनमध्ये होतं.

खरं काय झालं ते सांगतो. केबिनमध्ये ओळीने लोखंडी दांडे उभे असतात. दांडा ओढला की लांबवरचा सिग्नल पडतो, म्हणजे गाडीला वाट मोकळी. एखाद्या रुळावर गाडी उभी असेल तर त्या रुळाच्या सिग्नलच्या दांड्यात एक लोखंडी कडं अडकवून ठेवायचं, म्हणजे चुकूनही हात गेला तरी दांडा हलत नाही. इतकं सोपं काम. त्या दुपारी दोन नंबरच्या रुळावर रिकामे डबे उभे होते आणि चौदा नंबरच्या दांड्यात मी कडं घातलं नव्हतं. बायकोला सातवा महिना होता, आदल्या रात्री तिला बरं नव्हतं, माझं डोकं घरी होतं. पण ही सबब झाली. मी विसरलो, एवढंच खरं. गाडी जवळ आल्याची घंटा झाली, आणि मी चौदा नंबर ओढला.

आठशे माणसं घेऊन गाडी उभ्या डब्यांवर यायला निघाली. वळणावर ड्रायव्हरला डब्यांची शेपटी दिसली. तो माणूस त्या वळणावर नेहमीच गाडी हळू घ्यायचा, इतर ड्रायव्हर त्याची थट्टा करायचे. त्या हळूपणाने आम्ही सगळे वाचलो. गाडी सिग्नलच्या जरा आत येऊन थांबली.

गाडी अशी अडकली की ड्रायव्हरच्या सहायकाने केबिनमध्ये येऊन वहीत सही करायची, हा नियम. त्या दिवशी ड्रायव्हर स्वतः जिना चढून आला. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, दांड्यांकडे पाहिलं, खुंटीवरचं कडं काढलं आणि चौदा नंबरच्या दांड्यात घातलं. वहीत वेळ लिहिली, सही केली, आणि एक शब्द न बोलता खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल आला: रुळावर गाढव होतं, केबिनवाल्याने वेळेत लाल झेंडी दाखवली.

माझी नोकरी वाचली. घर वाचलं. पुढे तीन महिने तो रोज इंजिनाच्या खिडकीतून हात वर करून जायचा आणि मीही हात वर करायचो. उद्या जाऊन भेटू, परवा भेटू म्हणत राहिलो. काय तोंडाने भेटणार? मग त्याची बदली झाली. आभाराचा एक शब्द माझ्या घशात अडकला तो अडकलाच.

आणि या रविवारची फेरी होती निवृत्त रेल्वेवाल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. यादीत अकरावं नाव त्याचं होतं. नववं माझ्या बायकोचं. तिला फेरी बघायची होती.

आभार मानायचेच, हे मी शुक्रवारीच ठरवलं. दोघांचंही वय झालंय, आणखी कशाची वाट बघायची? पण उघड आभार मानायचे म्हणजे उघड सांगायचं, आणि ते बायकोसमोर. शनिवारभर मी तीनदा तिच्यासमोर तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “पोटात गॅस धरलाय का? ओवा देऊ?” मी ओवा खाल्ला. मग ठरवलं, ड्रायव्हरसाहेबांना फेरीत बाजूला घेऊ आणि हळूच कानात सांगू.

रविवारी ते आले. ऐंशी पार केलेले, हातात काठी, ताठ. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी हसून कान पुढे केला आणि मोठ्याने म्हणाले, “इंजिनाने खाल्ले! दोन्ही! जोरात बोला!”

झालं. हळूच कानात सांगायचा बेत तिथेच बोंबलला.

वर आणखी एक झालं. माझे सासरे कारखान्यात बॉयलर ठोकायचे, ते ठार बहिरे होते. बायको लहानपणापासून त्यांच्या कानाशी ओरडत मोठी झालेली. तिने ड्रायव्हरसाहेबांचा दंड धरला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्यासोबत चला. हे बोलतील ते मी सांगते.”

मग माझं प्रत्येक वाक्य दोनदा झालं, आणि दुसऱ्यांदा झालेलं माझं नव्हतं. मी म्हटलं, “या घुमटाला आठ कमानी आहेत आणि त्या उभारायला सहा वर्षं लागली.” ती ओरडली, “घुमट मोठा आहे! लई दिवस लागले!” मी तिकीटखिडकीच्या पितळी जाळीची माहिती दिली, ती ओरडली, “जाळी पितळेची! घासत कोणी नाही!” लोक माझं ऐकायचं सोडून तिच्याकडे बघायला लागले. प्रतीक्षालयात मॅडमनी घड्याळ दाखवलं. मला राग येत होता, आणि तो रागच बरा वाटत होता, कारण त्याच्याखाली नुसती भीती होती.

केबिनचा जिना बावीस पायऱ्यांचा. “खालीच बसा,” असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ड्रायव्हरसाहेब चढले. वर आल्यावर एका दांड्याला हात लावायच्या आधी त्यांनी खिशातून रुमाल काढला. घामाने लोखंड गंजतं म्हणून केबिनमध्ये उघड्या हाताने दांडा धरत नाहीत. रविवारी येणारे लोक फोटोसाठी खुशाल लोंबकळतात, मी ओरडून दमतो. त्यांचा रुमाल पाहिला आणि मीही माझा काढला.

मॅडमनी खूण केली, सुरू करा.

“त्या दुपारी गाडी यायची वेळ झाली होती,” मी म्हटलं.

बायकोला ही गोष्ट पाठ. ती माझ्यापुढे धावली. “रुळावर गाढव आलं होतं, बाबा! आणि यांनी...”

“नव्हतं,” मी म्हटलं.

ती थांबली. “काय नव्हतं?”

“गाढव. त्यांना सांग. नव्हतं म्हणावं.”

मॅडमनी कागदातून मान वर केली. बायको माझ्याकडे बघत राहिली, मग ड्रायव्हरसाहेबांच्या कानाशी वाकली. “गाढव नव्हतं, म्हणतात.”

“मला ठाऊक आहे!” ते म्हणाले. एकजण हसला.

“कडं घालायला मी विसरलो. डबे उभे असताना सिग्नल दिला.”

“हे कडं घालायला विसरले,” बायकोने सांगितलं. तिचा आवाज खाली आला होता. ड्रायव्हरसाहेबांनी कान आणखी पुढे केला, आणि तिला तेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. “हे विसरले! डबे उभे होते आणि यांनी सिग्नल दिला!”

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर वळणाकडे बघत बोलत राहिलो. त्यांनी गाडी थांबवली. स्वतः वर आले, कडं घातलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि अहवालात मला वाचवलं. आज मी जे काही खातोय, ती पेन्शन, ते घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्या एका कागदामुळे. मी कधी भेटायला गेलो नाही. भ्यालो. आज त्यांचे पाय धरायचेत. ती एकेक वाक्य उचलत होती आणि त्यांच्या कानात घालत होती, आणि पहिल्यांदाच काही गाळत नव्हती, पदरचं काही घालतही नव्हती.

माझं बोलून झालं. ती मात्र थांबली नाही.

“आता हे माझं आहे, बाबा, यांचं नाही,” ती ओरडली. “मला तेव्हा सातवा महिना होता. तुमचे उपकार आहेत. फार उपकार आहेत.” आणि तिने वाकून त्यांना नमस्कार केला. मीही वाकलो. त्यांनी मला अर्ध्यातच दंडाला धरून उभं केलं. म्हातारपणीही काय पकड होती.

“उपकार कसले,” ते म्हणाले. “तुझा चेहरा बघितला मी त्या दिवशी. पांढराफटक. म्हटलं, हा आता मरेपर्यंत कडं विसरायचा नाही. याला काढतील आणि नवा आणतील, आणि तो नवा विसरेल. गाडी मला रोज इथूनच न्यायची होती.”

मॅडमनी हातातल्या कागदाची घडी केली.

ड्रायव्हरसाहेब मग बायकोकडे वळले. इतकी वर्षं त्यांच्याही मनात तो प्रश्न असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आठशे माणसांच्या वतीने त्यांनी पैज लावली होती, आणि ती जिंकली की हरली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

“मग?” त्यांनी विचारलं. “पुन्हा कधी विसरला का हा?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडून एवढी वर्षं खोटं ऐकलेल्या, आत्ताच ते उघडं पडलेलं पाहिलेल्या माझ्या बायकोने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला काही न विचारता ती त्यांच्या कानाशी वाकली आणि सगळ्या केबिनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “एकदाही नाही!”