घंटीवाले माल शोधतात

वृद्धाश्रमातल्या सात नंबरच्या खाटेवरची घंटी मंगळवारी सकाळी वाजलीच नाही. त्या खाटेवर घंटीवाल्यांच्या सासूबाई होत्या, त्यामुळे तक्रार ऑफिसमार्फत न येता थेट फोनवर आली.

"जावईबापू, अर्धा तास बटण दाबतेय. अंगठा सुजला माझा. शेवटी चमच्यानं ताट बडवलं, तेव्हा नर्स आली."

"कुठं जायचं होतं, आई?"

"ब्याऐंशीव्या वर्षी सकाळी सहा वाजता माणूस कुठं जातं, हे तुम्हाला समजावून सांगू का?"

 सहा आठवड्यांत बंद पडलेली ही नववी घंटी होती.

खाटेला लावायचं बटण आणि नर्सच्या खोलीत वाजणारी पेटी, एवढाच त्यांचा धंदा. घरामागच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं नवरा-बायकोनं मिळून तो चालवला. बायको माल निवडायची, चिपा आणि बारीकसारीक भाग सर्किटच्या पट्टीवर सोल्डरनं डाखायची. हे डबे कापायचे, वायरी ओढायचे, भिंतीला भोकं पाडायचे. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. सहा महिने वर्कशॉपला कुलूप होतं. मग एक दिवस हे तिच्या खुर्चीत जाऊन बसले आणि डाखणकाम स्वतःच शिकले. वृद्धाश्रमाच्या चाळीस घंट्या ही त्यांची एकट्याची पहिली कामगिरी. थंडी कडक होती, म्हणून तिचा निळा स्वेटर अंगात घालून ते काम करायचे. बाह्या आखूड पडायच्या, पण ऊब यायची.

वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी त्या दिवशी सरळच सांगितलं, "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण रात्री-अपरात्री कुणी पडलं आणि घंटी वाजली नाही, तर जबाबदार मी. पंधरा दिवस देते. चाळीसच्या चाळीस घंट्या चालू झाल्या पाहिजेत. नाहीतर दुसऱ्या कंपनीला बोलावते."

घंटीवाल्यांना वाटलं, दोष उघड आहे. माल नकली आला. माल देणारा वितरक बायकोच्या वेळेपासूनचा होता. तो फोनवर 'हूं' याच्यापलीकडे फारसं बोलत नसे, म्हणून घरात त्याचं नावच 'हूं' पडलं होतं. घंटीवाल्यांनी त्याला फोन लावला आणि मनात साठलेलं सगळं ओकून टाकलं. बायको गेली म्हणून मला गंडवलंत, हेही बोलून गेले.

 पलीकडून "हूं" आलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी ते सासूबाईंना भेटायला गेले. सासूबाईंनी रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. त्यांनी नापास केलेला रेडिओ मालकाच्या बापालाही पास करता येत नसे, असं त्या स्वतःच सांगायच्या. लेकीला माल पारखायला त्यांनीच शिकवलं होतं.

"नवा वितरक बघतोय," घंटीवाले म्हणाले. "या वेळी सर्टिफिकेट असलेलाच घेणार."

"सर्टिफिकेट तर माझ्या कवळीलाही आहे. तरी ती जेवताना निसटते."

"मग कसं ओळखायचं?"

"वाचून. लोक सर्टिफिकेट बघतात, वाचत कुणी नाही. कुणी दिलं, कशासाठी दिलं, कुठल्या पत्त्याला दिलं, कधीपर्यंत दिलं. आणि मग देणाऱ्याला फोन करून विचारायचं, बाबा रे, खरंच तू दिलंस का? तुमची बायको प्रत्येकाला फोन करायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलं होतं का कधी?"

नव्हतं विचारलं. घंटीवाल्यांनी खिशातल्या कागदावर चारही प्रश्न लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

पहिलं दुकान बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. आत शिरताच डोळे दिपले. एक अख्खी भिंत सोनेरी चौकटींनी भरलेली. मालक गोरागोमटा, हसरा, हातात तीन अंगठ्या.

"या, या, बसा. गुणवत्तेच्या बाबतीत आमच्याकडे तडजोड नाही. हे बघा, आयएसओ नऊ हजार एक! जगभर चालतं."

घंटीवाले गुबगुबीत खुर्चीत बसले आणि खिशातून चष्मा काढला.

"वाचू का?"

"वाचायचंय?" मालक क्षणभर अडखळला. "वाचा की. आपलंच आहे."

घंटीवाल्यांनी उठून भिंतीला नाक लावलं. कुणी दिलं, ते होतं. पत्ता याच दुकानाचा. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. तिथूनच त्यांनी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा नंबर फिरवला. फोनवरच्या बाईंनी पाच मिनिटं थांबवून सांगितलं, हो, आमचंच आहे, खरं आहे. मालक छाती फुगवून उभा राहिला. मग घंटीवाल्यांनी बारीक अक्षरांतली ओळ वाचली. कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं.

"इथं 'कार्यालयीन फर्निचरची विक्री व दुरुस्ती' असं लिहिलंय."

"हां, ते... आमचा आधीचा धंदा."

"म्हणजे चिपांचं नाही हे."

"अहो, गुणवत्ता ती गुणवत्ता! आता तुम्ही बसला होतात ती खुर्ची बघा. कुरकुरली का?"

"नाही."

"मग?"

"खुर्ची पास आहे," घंटीवाले म्हणाले. "खुर्ची लागली तर तुमच्याकडेच येईन."

जिना उतरताना त्यांना हसू फुटलं. आज कितीतरी महिन्यांनी एकटेच हसत होते, हे त्यांच्या लक्षात आलं. घरी जाऊन ही गंमत कुणाला सांगायची, हेही पाठोपाठ आलं. ते थोडा वेळ जिन्यातच उभे राहिले आणि मग बस पकडली.

दुसरी जागा गावाबाहेर होती. लांबलचक गोदाम, रंग उडालेलं दार, बाहेर साधी पाटी. दारातच जमिनीवर एक धातूची पट्टी आणि भिंतीवर एक बटण. आत तिशीतली एक मुलगी, अंगात करड्या रंगाचा लांब कोट. ती गोदामाची प्रमुख होती.

"काका, तिथंच थांबा. पट्टीवर उभं राहून बटण दाबा."

घंटीवाल्यांनी दाबलं. लाल दिवा लागला.

"रबरी तळव्यांचे बूट. ही पट्टी टाचेला बांधा." तिनं वाकून स्वतःच बांधली. पुन्हा दाबलं, हिरवा लागला. "आता या."

"एवढं कशाला? मी तर नुसता चौकशीला आलोय."

"आत येणाऱ्या प्रत्येकाला हेच. काल आमच्या मालकांना दोनदा परत पाठवलं."

दाराच्या आतल्या बाजूला तीन सर्टिफिकेटं लावलेली होती, चौकटीशिवाय, नुसती चिकटवून. घंटीवाल्यांनी खिशातून चष्मा काढला तशी मुलीनं हातातलं काम खाली ठेवलं.

"वाचणार आहात? बरं वाटलं. हे पहिलं कामाच्या शिस्तीचं, आयएसओचं. ते आता सगळ्यांकडेच असतं. हे दुसरं नकली माल ओळखायच्या पद्धतीचं. बाहेरून फिरत आलेला माल आम्ही तपासल्याशिवाय फळीवर ठेवत नाही. आणि हे तिसरं स्थिर विजेचं, म्हणजे अंगावर-कपड्यांवर साठणारी वीज चिपांना लागू नये यासाठीचं. दारातला लाल दिवा त्याच्यामुळे."

कुणी, कशासाठी, कुठं, कधीपर्यंत. तिन्ही कागद चोख होते, आणि देणाऱ्यांनीही फोनवर 'हो, आमचेच' म्हटलं. घंटीवाल्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला आणि त्यातल्या, बंद घंट्यांमधून काढलेल्या तीन सर्किटच्या पट्ट्या तिच्यापुढे धरल्या.

"ही चिप पाहिजे मला. चाळीस. अस्सल. ह्या नकली निघाल्या. आमच्या 'हूं'नं, म्हणजे जुन्या वितरकानं दिल्या; भांडलो त्याच्याशी."

मुलीनं डब्याकडे असं बघितलं, जसं आई चिखलाचे पाय घेऊन आलेल्या पोराकडे बघते. "चिपा डब्यात घालून आणल्या? जेवणाच्या?"

"धुतलेला आहे."

ती हसली, मनगटाला वायरीचा पट्टा लावला आणि पट्ट्या घेऊन मायक्रोस्कोपपाशी गेली. चिपेवरची अक्षरं कापसानं पुसून पाहिली. लॉट नंबर लिहून घेतला आणि बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत शोधला. मग दुसऱ्या एका यंत्राच्या सुया चिपेच्या पायांना टेकवल्या. घंटीवाले शेजारी उभे राहून निकालाची वाट बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखे.

"काका, माल अस्सल आहे."

"शक्यच नाही."

"शंभर टक्के. कंपनीनं नेमलेल्या वितरकाकडून आलेला लॉट आहे. तुमच्या 'हूं'... म्हणजे ज्यांच्याशी भांडलात म्हणालात, त्यांनी चांगलाच माल दिलाय. पण तिन्ही चिपा एकाच पायाशी आतून जळल्यात. हे स्थिर विजेचं काम. लगेच मरत नाहीत, अर्धमेल्या होतात आणि महिना-दीड महिन्यानं जातात. डाखतं कोण?"

"मी."

"मनगटाला पट्टा लावता? अंगावरची वीज जमिनीत सोडणारा?"

पट्टा होता. बायकोच्या खुर्चीच्या हाताला टांगलेला. तो तिच्या बारीक मनगटाच्या मापाचा होता. तो सैल करायला घंटीवाल्यांचं मन झालं नव्हतं, आणि तो नेमका कशासाठी आहे हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीनं टेबलावरचं हातात मावेल एवढं एक यंत्र उचललं आणि त्यांच्या छातीसमोर धरलं. आकडे चढायला लागले. हजार, दोन हजार, साडेतीन हजार.

"हा स्वेटर घालून डाखता?"

"हो."

"काढा आधी. साडेतीन हजार व्होल्ट आहेत ह्याच्यावर. चिपेला शंभरसुद्धा पुष्कळ होतात."

घंटीवाल्यांनी स्वेटरची आखूड बाही खाली ओढली. "हा नाही काढणार."

"काका, अहो..."

"बायकोचा आहे."

मुलीनं यंत्र खाली ठेवलं.  मग खुंटीवरून एक करडा कोट काढून आणला. "मग काढू नका. हा वरून घाला. गळ्यापर्यंत बटणं लावा, बाह्या मनगटापर्यंत. ह्याच्यात बारीक धातूचे धागे असतात. स्वेटरवरची वीज आतच राहते. पण पट्टा लावायचाच, आणि तुमच्या मापाचा करून."

घंटीवाल्यांनी कोट घातला. मुलीनं यंत्र पुन्हा धरलं. आकडा खाली आला आणि तिथंच राहिला.

"आता चाळीस चिपा द्या," ते म्हणाले.

"देईन. पण मला विचाराल तर तुमचा जुना वितरकच घ्या. त्याच्याकडे माल थेट कंपनीकडून येतो. आमच्याकडे कुठेच न मिळणारा माल शोधत लोक येतात, तुम्हाला त्याची गरज नाही. कोट मात्र माझ्याकडून घेऊन जा."

स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार घंटीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. ह्यासाठी वेगळं सर्टिफिकेट असतं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, ते अजून कुणी छापलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी आधी 'हूं'ला फोन लावला. फोन उचलला गेला.

"चूक माझी होती. माल चांगला होता. मीच जाळला. आणि जे बोललो, ते बोलायला नको होतं."

"हूं."

"चाळीस चिपा पाहिजेत. द्याल का?"

 मग त्या माणसानं बावीस वर्षांतलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. "वहिनींनी मला पहिल्या दिवशी दोन तास उलटतपासणी घेऊन मगच पास केलं होतं. उद्या पाठवतो."

सासूबाईंना सांगणं त्याहून अवघड होतं. स्वेटर त्यांनीच विणला होता. घंटीवाल्यांनी खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. नकली माल नव्हता, आपल्या हातानंच घंट्या मेल्या, आणि स्वेटरमुळे मेल्या.

सासूबाई ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी स्वेटरची कड चिमटीत धरून धागा चोळला.

"लोकर नाही ही. स्वस्तातला नायलॉनसारखा धागा होता. रंग छान म्हणून घेतला होता." मग त्यांचे खांदे हलायला लागले. घंटीवाल्यांना वाटलं रडताहेत, म्हणून ते पुढे सरकले, तर त्या हसत होत्या. "एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास केला मी. आणि माझाच माल चाळीस घंट्या खाऊन बसला!"

"नऊच, आई. बाकीच्या अजून चालू आहेत."

"त्याही बदला. अर्धमेल्या असतील." डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मेट्रनला सांगितलंत?"

"आत्ता जाऊन सांगतो."

मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे बाहेरचा दोष नव्हता, हे तुम्ही स्वतःहून सांगताय?" घंटीवाले हो म्हणाले. "पंधरातले तेरा दिवस उरलेत," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा मऊ होता.

घंटीवाल्यांनी मनगटाचा पट्टा दोन छिद्रं सैल केला. करड्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. चाळीस घंट्या पुन्हा केल्या, आणि चौदाव्या दिवशी दुपारी सगळ्या खाटांना लावल्या.

पंधराव्या दिवशी तपासणी होती. मेट्रनबाई यादी घेऊन आल्या, पण त्यांच्यापुढे चाकाच्या खुर्चीत सासूबाई होत्या. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. प्रत्येक खाटेपाशी खुर्ची थांबवायची, बटण तीनदा दाबायचं, नर्सच्या खोलीतून "वाजली!" अशी आरोळी आली की यादीवर खूण करायची. आश्रमातले म्हातारे-म्हाताऱ्या जत्रेसारखे मागून चालले होते. सव्वीस नंबरचे आजोबा तर आपली घंटी दोनदा तपासून घ्या म्हणून अडून बसले.

छत्तीस पास झाल्या. सदतीसाव्या खाटेपाशी बटण दाबलं, नर्सनं "वाजली!" म्हटलं, तरी पेन्सिल खाली आली नाही. सासूबाईंनी बटणाची डबी बोटानं हलवून पाहिली.

"स्क्रू ढिला आहे. नापास."

"वाजतेय ना, आई," घंटीवाले कळवळून म्हणाले.

"वाजते आहे. महिन्यानं हातात येईल. नापास म्हणजे नापास."

मेट्रनबाई हसू दाबत दुसरीकडे बघायला लागल्या. घंटीवाल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघे टेकून खाली बसले आणि स्क्रू आवळायला लागले. सासूबाई खुर्ची जवळ घेऊन त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या.

"अजून अर्धा फेरा," त्या म्हणाल्या.