लुटीची चवळी

माझं माहेर जारांचं, सासर त्राओऱ्यांचं; आमच्यात लग्नानंतरही बाई माहेरच्याच कुळाची राहते. या दोन कुळांत पूर्वापार थट्टेचं नातं आहे. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, समोरच्याच्या पुढ्यातलं ओढून न्यायचं, आणि रागवायचं मात्र नाही. सगळ्यात झोंबणारा टोमणा एकच, 'चवळीखाऊ'. तीस वर्षं मी तो ऐकतेय आणि तितक्याच ठसक्यात परत करतेय. त्यामुळे आमच्या गावात चवळी पिकते, शिजते, पण चारचौघांत पुरुष तिला शिवत नाहीत. काय मूर्खपणा!

गेल्या साली शेती संशोधन केंद्रातल्या न्येलेनं माझ्या तुकड्यावर चवळीचे पाच वाण पेरले. पावसानं दोनदा दडी मारली, तरी तिसरा वाण साठ दिवसांत तयार झाला. बाजरीच्या कणग्या रिकाम्या होतात, नेमक्या त्या दिवसांत शेंगा! शिवाय त्याच्या दाण्यात लोह जास्त. माझ्या लेकाची मुलगी कानी दीड वर्षांची झाली, तरी तळवे पांढरेफटक आणि उभी केली की मटकन बसायची. मला तो वाण हवाच होता.

पण केंद्राची अट होती. शेतं पुरुषांच्या हातात, म्हणून पुरुषांनीही चाखून आवडलेल्या वाणापुढे खडा टाकायचा. वीस पुरुषांचे खडे पडले नाहीत, तर बियाणं दुसऱ्या गावाला जाणार.

मंडपात चटईवर पाच वाणांचे पाच वाडगे ओळीनं मांडले. शेंगदाण्याचं तेल आणि कांदा घातलेली चवळी दरवळत होती. बायकांनी खाऊन खडे टाकले. पुरुष हाताची घडी घालून बसून राहिले.

"चाखा ना, झुमानाकाका," न्येले म्हणाली.

झुमाना भावजी म्हणजे गावचे मुखिया. "तू जारा, ही सितान जारा. दोन दोन जारांसमोर चवळी खाऊ? आजोबा कबरीतून उठून कानाखाली वाजवतील!"

"अहो, हे शास्त्राचं काम आहे."

"शास्त्र तुमचं आणि पोटात वारा आमच्या!"

हशा पिकला, आणि हसत हसत सगळे उठलेच. न्येलेचा चेहरा पडला. "सितानमावशी, आता माझ्या हातात काही नाही." ती वाडगे झाकू लागली.

माझं डोकं फिरलं. "थांबा रे!" मी ओरडले. "खाऊ नका, कोण म्हणतंय खा? पण हे वाडगे कुणाचे? जारांचे! जारांचे वाडगे समोर भरलेले आणि त्राओरे हात हलवत घरी? भावजी, तुमच्या आजोबांनी माझ्या लग्नात आख्खा बोकड पळवला होता. तुम्हाला पाच वाडगे लुटता येईनात?"

भावजी थबकले. मिशीवरून हात फिरवला. "खाणं वेगळं, लूट वेगळी," ते सावकाश म्हणाले. आणि मग गरजले, "लुटा रे जारांना!"

काय झुंबड उडाली! तिसरा वाडगा तर दोघांनी दोन बाजूंनी चाटला. मग कुठली लूट जास्त चवदार, यावरून कडाक्याचं भांडण जुंपलं. न्येले हसून हसून खडे वाटत होती. तेवीस पुरुषांचे खडे पडले, त्यातले एकोणीस तिसऱ्या वाडग्यापुढे.

यंदा पुन्हा कणग्या रिकाम्या झाल्या आणि घरोघरी तिसऱ्या वाणाची चवळी शिजली. परवा भावजी माझ्या अंगणात आले, माझ्या पातेल्यातली मूठभर उचलली आणि म्हणाले, "चवळीखाऊ, तुला लुटायला आलोय."

कानी कोपऱ्यात खेळत होती. ती उठली, दुडूदुडू धावत आली, त्यांच्या मुठीतले दाणे हिसकावले आणि तोंडात कोंबून पळाली. पळाली माझी पोर! मला रडू फुटलं.

भावजी रिकाम्या तळव्याकडे बघत राहिले. मग अभिमानानं म्हणाले, "बघ, जारा. रक्त त्राओऱ्यांचंच."