मिस्टर स्टॅकपोलची शीव

आमच्या ब्रॅकनफर्ड गावात स्वतःला 'मिस्टर' म्हणवून घेणारा माणूस एकच, एलिफलेट स्टॅकपोल. बाकी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारलेली चालायची, याला नाही. पहिल्या जहाजातून उतरलेल्या वीस घरांपैकी हा एक. जंगल तोडून वस्ती बसली तेव्हा लोखंडी साखळी धरून यानंच गाव मोजलं, कुणाला कुठलं शेत, कुणाला किती कुरण हे यानंच ठरवलं, आणि पुढे सव्वीस वर्षं गावचं दप्तरही यानंच लिहिलं. स्वतः मोजलं म्हणून गाव आपल्याच मालकीचं, असा त्याचा समज झाला होता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

माझ्या बहिणीला, डॅमरिसला, त्यानं मारलं. हातानं नाही, लेखणीनं. त्याचा सूड घ्यायला मला नऊ वर्षं लागली, आणि तो घेतल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

डॅमरिसचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही. ती खोकत, ताप अंगावर काढत किनाऱ्यावरून चालत आमच्याकडे आली. गावचा कायदा असा की पंचांच्या परवानगीशिवाय परक्याला घरात घ्यायचं नाही. घेतलं तर कुरणातला आपला वाटा गेला. माझ्या नवऱ्यानं, जोएलनं, तिला शिवेजवळच्या आमच्या जुन्या गोठ्यात ठेवलं. मी रोज वाटाण्याचं कढण घेऊन जायची. दुसरा कायदा असा की परका माणूस तीन महिने राहिला आणि तोवर त्याला कुणी 'निघा' म्हणून बजावलं नाही, तर तो गावचाच झाला. मग त्याला गावानं पोसायचं. आमचा शिपाई नेहेमाया विसराळू. त्यानं बजावलंच नाही. तीन महिने होऊन वर सहा दिवस गेले तेव्हा स्टॅकपोलच्या ध्यानात आलं.

"आता काय करायचं, मिस्टर स्टॅकपोल?" नेहेमायाची पाचावर धारण बसली होती.

"करायचं काय त्यात? ती बाई आपल्या गावात कधी नव्हतीच," स्टॅकपोल म्हणाला.

तोवर आमची शीव मोठ्या पांढऱ्या ओकपासून दलदलीला वळसा घालून नदीकाठच्या फुटक्या खडकापर्यंत जायची. स्टॅकपोलनं दप्तरात नवं पान लिहिलं की शीव ओकपासून फुटक्या खडकापर्यंत नाकासमोर सरळ जाते. एवढ्यानं गोठा शेजारच्या ऑल्डरस्टन गावात गेला. पंचांनी मान डोलावली. नेहेमायानं डॅमरिसला गोठ्याबाहेर काढलं. ऑल्डरस्टनवाल्यांनी, ही कोण आमची, म्हणून तिला वाटेतूनच परत पाठवलं. जोएल चार दिवसांसाठी लाकूडतोडीला गेला होता. बर्फ पडत होतं. गावात एकाही घराचं दार तिच्यासाठी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी जोएल परत आला तेव्हा ती त्याला ओकखाली सापडली.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघराच्या दारात स्टॅकपोलनं ते नवं पान सगळ्यांना वाचून दाखवलं. मला लिहिता येत नाही, वाचता येतं. पण आम्हा बायकांना लहानपणापासून धर्मग्रंथाचे अध्यायच्या अध्याय पाठ करायला लावतात, त्यामुळे एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. ते पानही गेलं नाही. कणीक मळताना, सूत कातताना मी ते मनात म्हणत असे.

तीन वर्षांनी स्टॅकपोलनं नदीच्या वळणावर स्वतःसाठी नवं घर बांधलं. गावातली सगळ्यात चांगली जमीन, अर्थात. जुन्या शिवेप्रमाणे ती गावातच होती. नव्या शिवेप्रमाणे नव्हती. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. ते पान लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एक गोठा होता, आणि जमिनीवर जुन्या शिवेच्या खुणेचे दगडांचे ढीग होते तिथेच होते. दर तीन वर्षांनी दोन्ही गावांच्या पंचांनी शीव पायी फिरून झाडांवर नव्या खुणा करायच्या असतात, पण मधे लढाई आली आणि कुणी फिरलंच नाही. माझ्या मात्र ज्या दिवशी त्याच्या घराचा पाया खणला त्याच दिवशी लक्षात आलं. मी जोएललाही बोलले नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही.

गेल्या जानेवारीच्या शेवटी स्टॅकपोलच्या धुराड्याला आग लागून घर जळालं. म्हातारा बाहेर आलेला, आणि पुन्हा आत धावला. कशासाठी? दप्तराच्या पेटीसाठी. पेटी वाचली, दोन्ही पाय भाजून निकामी झाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. तेव्हा गावानं ठरवलं की या जुन्या माणसाला पाळीपाळीनं प्रत्येक घरानं महिनाभर ठेवायचं. एप्रिलमध्ये आमची पाळी होती. त्याला माझ्या हातचं कढण मिळणार होतं! हे ऐकून मी परसात जाऊन एकटीच हसले.

पण मार्चमध्ये शीव फिरायचं ठरलं.

स्टॅकपोलला कुणी बोलावलं नव्हतं. तरी घसरगाडीत बसून, मांडीवर पेटी घेऊन तो आलाच. ऑल्डरस्टनचे दोन पंच, आमच्याकडून जोएल आणि आणखी एकजण, गाडी ओढायला नेहेमाया. आमचं घर गावातलं शेवटचं, म्हणून दुपारचं जेवण माझ्याकडे. मी मक्याचा पाव, डुकराचं थंड मांस आणि सफरचंदाची दारू घेऊन ओकखाली गेले. आदल्या दिवशी जोएलला एवढंच सांगितलं होतं की ओकपाशी थांबलात की शिवेचं शेवटचं पान मोठ्यानं वाच.

"जुनं पान सगळ्यांना पाठ आहे, जोएल," स्टॅकपोल तोंडात घास घेऊन म्हणाला. "कशाला वेळ घालवतोस?"

"जुनं नाही, नवं," मी म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचं. तुमच्याच अक्षरातलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाव चघळायचा थांबला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं.

जोएलनं पेटीतून पान काढून वाचलं. ऑल्डरस्टनचा म्हातारा पंच ओकपाशी उभा राहिला, फुटक्या खडकाकडे हात करून एक डोळा मिटला, आणि खो खो हसत सुटला.

"अरे, म्हणजे नदीचं वळण आमचं! आणि हे साहेब सहा वर्षं आमच्या गावात राहत होते की! कुरणासाठी आमच्याशी भांडत होते ते कुठल्या तोंडानं?"

"काहीतरी चूक आहे," जोएल गोंधळला. "मिस्टर स्टॅकपोल, चूकच असणार. तुम्ही सांगा ना."

मी पुढे झाले. बायकांनी पंचांमध्ये बोलायचं नसतं, पण त्या दिवशी मला कुणी अडवलं असतं तर मी त्याच्या डोक्यात पावाची टोपली घातली असती.

"हो, सांगा ना," मी म्हणाले. "पान खोटं आहे म्हणा. माझी बहीण तुमच्याच गावात होती, तुमच्यावरच तिचा भार होता, आणि तिला हाकलायला तुम्ही शीव हलवलीत, एवढं या पाचजणांसमोर म्हणा. मग राहा सुखानं. पुढच्या महिन्यात मीच तुम्हाला भरवीन."

तो पेटीवर हात ठेवून बसला होता. सव्वीस वर्षांचं दप्तर. एक पान खोटं म्हटलं की सगळ्यांची कुरणं, सगळ्यांची शेतं, सगळ्याच पानांवर लोक बोट ठेवणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं कबूल करावं असं मला वाटत होतं की करू नये असं? करू नये असंच वाटत होतं. खरं ते सांगते.

"दप्तरात खोटं नाही," तो शेवटी म्हणाला. "मी लिहिलंय तीच शीव."

"मग तुम्ही आमचे नाही, मिस्टर," नेहेमाया पडेल आवाजात म्हणाला.

"जमीन आम्ही घेतो, म्हातारा नको," ऑल्डरस्टनचा पंच म्हणाला.

"असं कसं? तीन महिन्यांच्या वर राहिलाय तो, तुम्ही कुणी बजावलं नाहीत. म्हणजे तुमचाच," मी म्हणाले.

त्यानं डोकं खाजवलं. कायदा दोन्ही गावांना एकच. "बरं. तो गोठाही आता आमच्याच हद्दीत ना? तिथे ठेवू. कुणीतरी भाकरतुकडा टाकून जाईल."

गोठ्याचं मी त्याच्या तोंडी घातलं नव्हतं, देवाशपथ. पण ऐकल्यावर माझ्या छातीत असं काही ऊन पसरलं की विचारू नका. जोएल माझ्याकडे बघेना.

दप्तराची पेटी जोएलनं काढून घेतली. गावची होती ती. घसरगाडी वळवायला वाट आमच्या दारावरूनच. मी दारात उभी राहिले, त्याला जाताना नीट पाहायला. स्टॅकपोलनं नेहेमायाला थांब म्हटलं. त्याची वरची ऐट गेली होती, आवाज साधा होता.

"तमझिनबाई, नऊ वर्षं मनात ठेवलंत. शाबास. त्या दिवशी मी कुंपणाची तपासणी करून याच वाटेनं येत होतो."

"मग?"

"ती तुमच्या दाराशी उभी होती. ठोठावत होती. नाव घेऊन हाका मारत होती. खिडकीत तुमचा दिवा होता. शीव मी हलवली, बाई. तेवढं माझं."

पाहिलं तर मग तूच का नाही तिला उचललंस, असं ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं, पण आधी मागे वळून पाहिलं. जोएल माझ्या मागेच पेटी घेऊन उभा होता. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. घरात मी आणि तीन पोरं होतो, कुरणाचा वाटा जाईल म्हणून भ्यायले होते, दोन गाई होत्या आमच्या. नेहेमायानं दोरी खांद्यावर घेतली आणि गाडी गोठ्याकडे निघाली.

तिन्हीसांजेला पुन्हा बर्फ पडायला लागलं. गोठा आमच्या दारातून दिसतो. जोएल चुलीपाशी पाठ करून बसला होता, पोरं निजली होती. म्हाताऱ्याची मला दया आली नाही, आजही येत नाही. मी दार लावलं आणि अडसर घातला. आमचा अडसर जाड ओकचा आहे, खाचेत पडताना ठक्कन वाजतो. तो आवाज बाहेर उभ्या माणसाला ऐकू जातो, हे मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. कारण तो वाजल्यावर डॅमरिसच्या हाका थांबल्या होत्या.