पाच वाजल्यानंतरची नायिका

आयडा क्रोलचं हॉलिवूडमधलं काम म्हणजे नोंदी ठेवणं. नायकाने सिगारेट कुठल्या हातात धरली, कोटाची किती बटणं लावली, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये घोळ होत नाही. पण बाईचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच कामात. नायिका पाचच्या ठोक्याला घरी पळायची आणि नायक ड्वेन मॅलरीचा क्लोजअप तर राहिलेला असायचा. मग कॅमेऱ्याशेजारी बसून नायिकेची वाक्यं वाचायची आयडाने. ड्वेन तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचा, "तुला सोडून मी जाऊ तरी कुठे?" असे नऊ सिनेमे झाले. बाई पार कामातून गेली!

केस बसवणारी मार्ज तिला टोचायची, "अगं बये, तसं बघायचा पगार घेतो तो!"

"पगारापुरतं कुणी असं बघत नाही. तुला नाही कळायचं," आयडा म्हणायची.

हा दहावा सिनेमा. शनिवारी ड्वेनचा करार संपणार आणि तो कायमचा न्यूयॉर्कला, नाटकात जाणार. गुरुवारी शेवटचा क्लोजअप एका फटक्यात झाला. वाचता वाचता आयडाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ड्वेनने ते पाहिलं, क्षणभर अडखळला, आणि शॉट संपताच निघून गेला. त्यालाही भरून आलं असणार, असं तिने घरी जाताना ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी सकाळी तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. वहीतली नोंद खोडली आणि दिग्दर्शक रस्कसाहेबांना म्हणाली, "काल मिस्टर मॅलरींची टायपिन चुकीच्या बाजूला होती. क्लोजअप पुन्हा घ्यावा लागेल."

"तू म्हणतेस म्हणजे चुकलीच असणार," रस्क म्हणाले. त्यांनी तपासलंसुद्धा नाही.

शॉटनंतर ड्वेनला गाठायचं आणि 'मीही न्यूयॉर्कला येते' म्हणायचं, असं तिने पक्कं केलं. संध्याकाळी निळा ब्लाऊज घालून, ओठ रंगवून ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

ड्वेन आला तो थेट रस्ककडे गेला. "आज हिला समोर नको रे बसवूस. काल रडायला लागली, माझं सगळं लक्ष उडालं. एखादा दिव्याचा खांब ठेव, त्यावर चिकटपट्टी लाव, मी त्या पट्टीकडे बघतो. हिने मागून वाचलं तरी चालेल." मग तिच्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "आयडा, वाईट नाही ना वाटलं?"

"छे हो, मिस्टर मॅलरी. तुम्हाला सोयीचं पडेल तसं," ती म्हणाली आणि उठली.

एका माणसाने तिच्या डोळ्यांची उंची मोजून खांबाला पांढरी पट्टी लावली. दिव्यांमागे अंधारात उभी राहून आयडाने वाचलं. ड्वेनने पट्टीकडे पाहिलं, "तुला सोडून मी जाऊ तरी कुठे?" म्हणाला आणि ढसाढसा रडला. नऊ सिनेमांत तो असा एकदाही रडला नव्हता. दिवेवालेसुद्धा डोळे पुसू लागले. आयडाला वाटलं, आत्ता इथेच मरण यावं.

"वा!" रस्क ओरडले. "आयडा, बरं झालं बाई तू चूक पकडलीस!"

ड्वेन नाक पुसत हसला. "ही पट्टी आधीच का नाही रे सुचली आपल्याला? नऊ सिनेमे उगाच हिला बसवलं."