पेशंटचं स्टूल

केसरबाई आरोग्य उपकेंद्राच्या उंबऱ्यातच फतकल मारून बसल्या होत्या आणि काही केल्या आतल्या खोलीत जायला तयार नव्हत्या.

चाकणच्या अलीकडच्या गावातलं हे उपकेंद्र. त्याला नवा पिवळा रंग लागला, नवी पाटी लागली, आणि सरकारनं आतल्या खोलीत स्वरूपा मॅडम आणून बसवल्या. वयानं नर्स शालनबाईंच्या लेकीएवढ्या. आता बीपी-शुगर त्या बघणार, मोबाइलवर मोठ्या डॉक्टरांशी बोलून गोळ्याही त्याच देणार. शालनबाईंकडे राहिल्या लसी आणि बाळंतिणी. आजवर गावात ताप आला काय, चक्कर आली काय, सगळं त्यांच्याच खुर्चीपुढे यायचं. वाईट वाटलं का? वाटलं तर! पण सांगता कोणाला?

बरं, पोरगी हुशार. संत तुकाराम नगरहून स्कूटीवर वेळेत यायची, म्हाताऱ्यांशी नीट बोलायची. खोट काढावी तर तीही सापडेना, ही आणखी पंचाईत.

केसरबाईंनी मात्र नव्या मॅडमकडे जायचं नाही म्हणून बीपीच्या गोळ्याच सोडल्या होत्या. आज सकाळी नळावर भोवळ येऊन पडल्या, तेव्हा लेक नागसेन त्यांना कंपनीत जाता जाता इथं सोडून गेला. केसरबाईंची थोरली बहीण याच दुखण्यानं लुळी पडली होती. तिला अंथरुणावर झिजताना शालनबाईंनी पाहिलं होतं.

"तुझ्या हातानं दे, खाते," केसरबाई म्हणाल्या. "त्या पोरीला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर शालनबाईंना आतून गुदगुल्याच झाल्या. गोळ्या मागून आणून हातावर ठेवणं काही अवघड नव्हतं. पण पुढच्या वर्षी आपण रिटायर झालो की ही कुणाकडे जाणार? आपल्या सुखावण्याची त्यांना लाज वाटली.

त्या आत गेल्या, पेशंटच्या स्टुलावर बसल्या आणि हात पुढे केला.

"मॅडम, आधी माझं बघा. मावशी, तुम्हीपण बघा."

स्वरूपानं पट्टा बांधला. आकडा बघून तिनं पट्टा सोडून परत बांधला. तिनं पुन्हा एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एकशे ऐंशी आहे. तुम्ही कधी तपासलंच नाही?"

शालनबाईंना हसूही आलं आणि रडूही. गावभर पट्टा घेऊन हिंडल्या, पण तो स्वतःच्या दंडाला बांधायचं कधी सुचलं नव्हतं.

केसरबाई उठून आत कधी आल्या ते कळलंच नाही. "सरक," त्या म्हणाल्या. "मला बसू दे. दोघीबी खाऊ गोळ्या."

केसरबाईंचं बघून मग वस्तीतल्या बायकाही येऊ लागल्या. शालनबाई बाहेरच्या खोलीत लसींचं बघत बसलेल्या असायच्या. "बरं हाय न्हवं, बाई?" असं जाता जाता विचारून बायका सरळ आत जायच्या.

"बरंय की," शालनबाई म्हणायच्या आणि पाय खुर्चीखाली घेऊन त्यांना वाट द्यायच्या.