गाठ लहान होत होती

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. आपल्यामुळे लाइन कधी थांबली नाही, याचा केवढा तोरा. अंगात ताप असला तरी सुपरवायझरला ‘सगळं ओके’. याच ओकेनं आमचं वाटोळं केलं.

फुफ्फुसात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टर तनुजा मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. "शरीरातल्या पांढऱ्या पेशी गाठीशी लढायला जातात, पण गाठ त्यांना गुंगवून ठेवते. सलाइनमधल्या या औषधानं ती गुंगी उतरते. मात्र जाग्या झालेल्या पेशी कधी कधी चांगल्या आतड्यावरही तुटून पडतात. जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा."

औषध लागू पडलं. स्कॅनमध्ये गाठ निम्मी दिसली. हे पुन्हा जिना चढायला लागले, मला टोमणे मारायला लागले. मी कँटीनमध्ये चपात्या लाटताना भेटेल त्याला सांगत सुटले.

मग जुलाब लागले. मी दिवसभर कामावर, ह्यांनी मला पत्ता लागू दिला नाही. हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला की हे सांगायचे, पोट ठीक, भूक ठीक. सांगितलं तर औषध बंद करतील, ही भीती. रक्त पडायला लागलं तरी तोंडाला कुलूप. शेवटी बाथरूममध्ये कोसळले, तेव्हा शेजारच्या हिंदुरावांनी उचलून रिक्षात घातलं.

आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. मग मॅडम म्हणाल्या, "रोहिदासराव, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर गोळ्या देऊन पेशींना आवरलं असतं. औषध बहुतेक पुन्हा सुरूही करता आलं असतं. आता ते तुम्हाला कधीच देता येणार नाही."

"आन् गाठ?" ह्यांनी विचारलं.

"दुसरी औषधं आहेत. पण एवढी लागू पडतील, असं मी म्हणणार नाही."

मॅडम गेल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"जयमाला, तुला तरी सांगायला पायजे होतं."

"व्हय, पायजे होतं," मी म्हणाले.

आजारी माणसाला धीर द्यावा, एवढं मलाही कळतं. पण तोंडातून दुसरं काही निघेना. मला ह्यांच्याबरोबर म्हातारं व्हायचं होतं.