अंतिम रेषेच्या दोन फूट अलीकडे

माझे दादा-वहिनी जोडीच्या शर्यतीत बाद झाले. आता हे वाक्य विसरून जा. आमच्या घरात असं काही घडलेलंच नाही. त्या रविवारी आम्ही तिघं घरातच होतो आणि पंखे पुसत होतो. दादाच्या पायाच्या अंगठ्याचं नख दारात सापडून काळं पडलंय. वहिनीच्या नाकाला जे ऊन लागलंय, ते खिडकीतून आलं होतं.

तर, जे घडलंच नाही ते असं घडलं.

दादा दातांचा डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हात घालूनच गप्पा मारायच्या, त्यामुळे त्याला प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही. वहिनी पाणीपुरवठा खात्यात, पत्रव्यवहार विभागात. नळाला पाणी येणार नाही हे कुणालाही न कळेल अशा भाषेत कळवणं, हे तिचं काम. ह्या दोघांनी एकत्र पळायचं ठरवलं ते डोंगराच्या शर्यतीसाठी. ती शर्यत जोड्यांचीच असते, आणि गावातली लांब शर्यत जोडीने मुदतीत संपवणाऱ्यांनाच तिथे प्रवेश मिळतो. वहिनीने त्या डोंगराचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. कपाट उघडलं की आधी डोंगर, मग टॉवेल. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच.

मी सायकलवरून सोबत जायचो. पद सहायकाचं, कर्तव्य पाण्याच्या बाटल्या, मानधन केळी.

सुरुवातीला दोघं छान पळत होते. मग एका सकाळी वहिनी बुटाची नाडी बांधायला थांबली, तेव्हा दादा माझ्या कानाशी आला.

"तिला दम लागतोय रे. बोलत नाही, पण मला कळतं. मी जरा हळू घेतो. तिला सांगू नकोस, वाईट वाटेल."

त्याच दिवशी वहिनी काकडी चिरता चिरता म्हणाली, "भावोजी, ह्यांचा गुडघा कुरकुरतोय बहुतेक. आज किती मंद पळत होते! मीही वेग कमी करते आता. पण ही बाब गोपनीय ठेवायची. कळलं तर आठवडाभर तोंड फुगवून बसतील."

मी दोघांनाही शब्द दिला. केळी दोघांकडून मिळत होती.

मग दादा हळू झाला म्हणून वहिनी हळू झाली. वहिनी हळू झाली म्हणून दादाला तिची जास्तच काळजी वाटू लागली. प्रेमाला उतार लागला की ब्रेक लागत नाही. काही आठवड्यांत त्यांच्या वेगाला सायकल उभी राहीना. मी उतरून ती हातात धरून चालू लागलो. कोपऱ्यावरचा कुत्रा पूर्वी त्यांच्यामागे भुंकत धावायचा. आता तो शेजारून चालायचा, तोही अधूनमधून बसत. बाबागाडी ढकलत फोनवर भांडणारी एक बाई आम्हाला रोज मागे टाकायची.

दादा अभिमानाने म्हणायचा, "ताळमेळ बघ! एका पावलाचा फरक नाही."

गावातल्या शर्यतीच्या दिवशी शिट्टी झाली आणि सगळे गेले. उरलो आम्ही, आणि आमच्यामागे दमलेल्यांना उचलून आणणारी गाडी. तिच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काका, काकू, बसताय? खिडकीची जागा आहे."

काकू ऐकून वहिनीने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धं अंतर बाकी होतं आणि मुदत अर्ध्याहून कितीतरी जास्त संपली होती. तिचे डोळे भरून आले.

दादा मायेने म्हणाला, "रडू नकोस गं. तुझ्यामुळे उशीर झाला असं मी कधीच म्हणणार नाही."

वहिनी जागीच थांबली. "माझ्यामुळे?"

"मग? तुला दम लागतो म्हणून तर मी..."

"दम? अहो, तुमचा गुडघा!"

"कुठला गुडघा?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी!"

"अरे गधड्या!"

मी खरं ते सांगून टाकलं. मग जे झालं त्याला पळणं म्हणत नाहीत. एकमेकांना दाखवून द्यायचं म्हणून दोघं असे सुटले की गाडीवाल्याने गियर बदलला. माणसंच्या माणसं मागे पडत गेली. बाबागाडीवाली बाई कडेला उभी होती. तिने पहिल्यांदाच फोन कानापासून दूर केला.

वहिनी आधी पोहोचली आणि अंतिम रेषेच्या दोन फूट अलीकडे गचकन थांबली. कारण नियम होता, जोडीने हातात हात धरूनच रेषा ओलांडायची. वरच्या मोठ्या घड्याळात अजून वेळ होता. दादा धापा टाकत आला. अजूनही वेळ होता. फक्त हात धरायचा आणि एक पाऊल टाकायचं.

"थांबलीस?" दादा म्हणाला. "परत माझ्यासाठी? नकोत उपकार. आधी तू हात पुढे कर."

"आधी तुम्ही. नाहीतर जन्मभर म्हणाल, हिने ओढत नेलं."

"आणि मी आधी केला तर तू म्हणशील, ह्यांना आधार लागला!"

"हात धरा हो!" अख्खी गर्दी ओरडली. शिट्टीवाला पंच तर रडकुंडीला आला.

"आधी तू."

"आधी तुम्ही."

घंटा वाजली.

त्यानंतर वहिनीने हात पुढे केला. दादानेही केला, अगदी त्याच क्षणी. ताळमेळ उत्तम होता.

कपाटाच्या दाराला आता फक्त चिकटपट्टीच्या खुणा आहेत. टॉवेल लगेच सापडतो. आणि जी शर्यत झालीच नाही, तिच्या आयोजकांना वहिनीने काल अर्ज लिहिला. आधी सही कुणी करायची ह्यावरून तो संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून होता, म्हणून शेवटी दोघांच्या वतीने मी केली. अर्ज असा:

"महोदय, अर्जदार पती-पत्नी मुदतीत अंतिम रेषेच्या दोन फूट अलीकडे हजर होते, व प्रत्यक्षात नसले तरी मनाने एकमेकांचा हात धरून होते. सबब, सदर रेषा पूर्वलक्षी प्रभावाने दोन फूट अलीकडे घेण्यात येऊन उभयतांस डोंगराच्या शर्यतीस पात्र ठरवण्यात यावे, ही नम्र विनंती."